लावलं की खाल्लं

शुक्रवारची दुपार होती आणि शारजातल्या त्या जुन्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर क्रिकेट रंगात आलं होतं. केरू टीव्हीला नाक लावून बसला होता. केरू मुरलीधरचा गाववाला, दोन तासांवरच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. इंडियाची मॅच आणि सुट्टी एका दिवशी आली की आदल्या संध्याकाळीच शेअर टॅक्सी पकडून तो इथं हजर व्हायचा. आज त्यानं त्याच्या खोलीतल्या सोमनाथलाही आणलं होतं. दोघांच्या मध्ये, खुर्ची सोडून जमिनीवर, घरधनी मुरलीधर.

इंडियाचे पहिले पाच जण झटपट परतले होते. मघाशी हॉल सुतक असल्यासारखा गप्प होता. पण मग एक नवा पोरगा खेळायला आला, आणि त्यानं असा काही तडाखा लावला की सोमनाथनं दातात धरलेली नखं सोडून दिली.

"वहिनी, चहा ऱ्हाऊ द्या, आधी ह्या पोराला बघा!" केरू ओरडला. "लई हानतोय!"

मुरलीधरची बायको वासंती आतल्या खोलीत होती. चार वर्षांच्या मिहिकाला कॉम्प्युटरवर चित्र काढायचं होतं आणि त्यासाठी तिचं तीनदा रडून झालं होतं. तिला मांडीवर घेऊन वासंती खुर्चीत बसली. पडद्यावर मुरलीधरनं तसंच उघडं ठेवलेलं पान होतं. बेटिंगचं.

असली पानं या देशात उघडत नाहीत, आणि उघडताना कुणी सापडलं तर पोलीस. पण हमरिया फ्री झोनमध्ये मुरलीधर ज्या कंपनीत स्टोअरकीपर होता, तिथल्या कॉम्प्युटरवाल्या विघ्नेशनं पळवाट काढून दिली होती. खातं विघ्नेशच्या लंडनमधल्या चुलतभावाचं. मुरलीधरनं विघ्नेशच्या हातात तीन हजार दिरहम ठेवले, तेवढा आकडा खात्यात चढला. हरजीत जी काय होईल तिचा हिशेब शनिवारी सकाळी, रोखीनं.

"तीन हजार म्हणजे एकोणचाळीस हजार रुपये," वासंतीनं तेव्हाच मोठ्यानं म्हणून दाखवलं होतं.

आणि ते पैसे भाड्याचे होते, निम्म्या भाड्याचे. घरमालकीण शहरबानू खालच्या मजल्यावरच राहायची. तिच्या कपाटात मुरलीधरच्या सहीचा सहा हजारांचा चेक होता, उद्याच्या, शनिवारच्या तारखेचा. चेक परत गेला तर इथं नोटीस येत नाही, पोलिसांची गाडी येते. समोरच्या व्हिलातला माणूस गेल्या वर्षी असाच गेला होता. त्याची बायको दोन मुलांना घेऊन रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची, ते वासंतीनं खिडकीतून पाहिलं होतं.

"अगं, हजारच लावणार," मुरलीधर म्हणाला होता. "गेलेच तर ऑफिसातून हजाराची उचल मिळते. उरलेले दोन हजार शाबूत."

यात वासंतीचाही हात होताच. ती बी.कॉम. झालेली, इंग्रजी वाचायची ती. पानावर बेटच्या प्रकारांची लांबलचक माहिती होती. मिहिका झोपली की ती थोडी थोडी वाचून नवऱ्याला समजावून द्यायची, आणि तिला ते आवडायचं, हे मात्र तिनं कधी कुणाजवळ कबूल केलं नसतं. साधी बेट म्हणजे एक मॅच, एक निकाल. ॲक्युम्युलेटर म्हणजे माळ. चार मॅच एका दोऱ्यात ओवायच्या, आणि एक मणी फुटला की सगळी माळ घरंगळली. ओव्हर-अंडरमध्ये कोण जिंकतं याच्याशी घेणंदेणं नाही, धावा अमुक आकड्याच्या वर की खाली एवढंच बघायचं. हँडिकॅप म्हणजे पकडापकडीत मोठ्यानं लंगडी घालायची आणि लहानानं दोन्ही पायांनी पळायचं. शेवटचा भाग होता 'बॅक आणि ले'. तिथवर आले आणि नेमकं दूध उतू गेलं. तो भाग राहिला तो राहिलाच.

"त्यात काय वाचायचंय," मुरलीधर म्हणाला होता. "बटणांची नावं आहेत ती."

आता ती बटणं समोर होती. इंडियाच्या नावापुढं दोन चौकोन, एक निळा, एक गुलाबी.

"आई, पिंक!" मिहिकानं काचेवर बोट टेकवलं. "बाबा प्रेस्ड पिंक. आय सॉ."

"हो का गं," म्हणत वासंती पान बंद करायला गेली आणि तिचा हात थबकला. वरच्या कोपऱ्यात शिल्लक दिसत होती. शून्य.

तीन हजारांतले हजार लावले तर दोन हजार उरायला हवेत. शून्य कसं?

तिनं खाली पाहिलं. मुरलीधरनं लावलेला हजार होता, त्याच्यापुढं भाव, चार, आणि त्याच्यापुढं तीन हजारांचा आकडा. त्या आकड्यावर एकच शब्द होता, लायबिलिटी. कॉलेजची तीन वर्षं तो शब्द तिनं ताळेबंदाच्या डाव्या बाजूला लिहिला होता. लायबिलिटी म्हणजे देणं. येणं नव्हे.

"आई, माय ड्रॉइंग."

"एक मिनिट, सोन्या. एकच मिनिट."

तिनं राहिलेला भाग उघडला. पान ओळी-ओळीनं, कण्हत कण्हत उतरलं. तिनं वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि मिहिकाला इतकं घट्ट धरलं की पोर "आऊच" म्हणाली. निळं बटण बॅक, म्हणजे ही टीम जिंकेल. गुलाबी बटण ले, म्हणजे ही टीम जिंकणार नाही. कुणी तिसराच माणूस इंडियावर हजार लावतो, ती पैज तुम्ही अंगावर घेता. इंडिया हरली तर त्याचे हजार तुमचे. जिंकली तर भावाप्रमाणं त्याला तुम्ही द्यायचे. चारचा भाव, म्हणजे हजाराचे चार हजार; त्यातले हजार त्याचे स्वतःचेच, वरचे तीन हजार तुमच्या खिशातून.

बाहेर हॉल फुटला. "फो-ऽ-र!" आणि त्यात सगळ्यात वरचा आवाज मुरलीधरचा.

"अहो," तिनं हाक मारली. "जरा आत या."

"ओव्हर संपू दे गं!"

"आत्ता या."

तो हसतच आला. घामेजलेला, डोळे चमकणारे. तिनं दार लोटलं.

"कुठलं बटण दाबलंत?"

"कुठलं म्हणजे? ले."

"का?"

"का काय? ले. लावणे. शिवाय हिंदीत ले म्हणजे घे, मारवाडी असो की मलबारी, सगळ्यांना कळतं. आणि दुसरं काय, तर बॅक. इंटरनेटवर बॅक दाबलं की मागचं पान येतं. पैसे लावायच्या वेळी मागं कोण जाईल?"

एरवी ती हसून हसून पडली असती. "विट्याच्या बाजारात तो सट्टेवाला होता म्हणता ना," ती म्हणाली, "त्याची काय भाषा होती हो? लगाया आणि…"

"खाया. लगाया म्हणजे टीमवर आपण लावले. खाया म्हणजे दुसऱ्यानं टीमवर लावलेले आपण खाल्ले. टीम हरली तर आपली चंगळ, जिंकली तर आपण त्याला…" तो बोलता बोलता थांबला.

"तुम्ही लावलं नाही. खाल्लंत."

मुरलीधरनं पडद्याकडं पाहिलं, मग दाराकडं. दारापलीकडं केरू जमिनीवर हात आपटत होता. "वासू," तो कुजबुजला, "म्हणजे आपण इंडियाच्या विरुद्ध आहोत?"

"ह्या पोरानं मॅच जिंकून दिली की तीन हजार गेले. उद्या सकाळी खालून चेक बँकेत जाईल."

तो खाटेच्या कडेवर बसला. चेहऱ्यावर मघाचा घाम तसाच होता, पण आता तो वेगळाच घाम वाटत होता.

"एक वाट आहे," वासंती म्हणाली. "आत्ताच वाचली. उलटं बटण दाबायचं, म्हणजे निळं. शिल्लक शून्य असली तरी चालतं, अडकलेले तीन हजारच त्यात धरतात. मग मॅचचं काही होवो, आपला आकडा तिथंच थांबतो. भाव चारवर असताना दाबलं तर काही गेलं नाही, काही आलं नाही. चारच्या खाली असेल तर आपलं जातं, वर असेल तर उलट मिळतं."

"आत्ता किती आहे?"

"दोन. हजार जातील. दाबते."

"थांब." त्यानं तिचं मनगट धरलं. "हा पोरगा शेवटचाच. ह्याच्यामागं सगळे बॉलर. एक विकेट, वासू, एक विकेट पडली की भाव उसळतो. चारवर आला की दाब. काही न गमावता सुटू."

"आणि पडली नाही तर?"

"माऊस तुझ्या हातात आहे. ठरलं? चार."

"चार," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. इतक्या पटकन?

"मुऱ्या!" बाहेरून केरू. "आत काय करतोस रं? पोट बिघडलं काय?"

मुरलीधर बाहेर गेला. त्याला जावंच लागलं. आत वासंती, मांडीवर मिहिका, आणि पडद्यावर तो आकडा. आकडा बदलायला वेळ लागायचा. आधी हॉलमधून ओरडा यायचा, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग तो सावकाश उतरायचा. एक पॉइंट नऊ. एक पॉइंट आठ. प्रत्येक चौकाराला बाहेर टाळ्या पडायच्या, आणि त्यातल्या एका माणसाच्या टाळ्या किंचित उशिरा यायच्या. त्या तिला नेमक्या ओळखू येत होत्या.

"आई, आर वी विनिंग?"

काय सांगायचं पोरीला? तिनं मिहिकाच्या केसांत तोंड लपवलं. खोबरेल आणि खडूचा वास आला. आउट हो, ती मनात म्हणाली. अरे बाळा, तुझ्या आईनं तुला दृष्ट काढून धाडलं असेल, पण आज एकदा आउट हो.

आणि हॉलमधून एकदम "आऽऽ" असा उसासा आला. पाठोपाठ मुरलीधरची आरोळी. "आउट!" त्या आरोळीत दुःखाचा लवलेश नव्हता.

"मुऱ्या, हसतोस व्हय रं?" केरू भडकला.

"हसत नाही रे. रडतोय."

पडद्यावरचे चौकोन करडे झाले. मोठी घडामोड झाली की खेळ थोडा वेळ थांबवतात, तेही तिनं वाचलं होतं. चौकोन पुन्हा निळे-गुलाबी झाले. आकडा आला. चार पॉइंट दोन.

मुरलीधर दारात येऊन उभा राहिला. आवाज न करता त्यानं ओठांनी विचारलं, किती? तिनं चार बोटं दाखवली. त्याचे खांदे सैल पडले. त्यानं डोळे मिटले. "दाब," तो म्हणाला.

तिनं बोट बटणावर ठेवलं. आकडा हलला. पाच.

"पाच झाला," ती म्हणाली. "दोनशे आपलेच आता."

"छान. दाब."

"थांबा जरा."

"वासू?"

"आता बॉलरच उरलेत, तुम्हीच म्हणालात. आठवर गेला की पाचशे. पाचशे म्हणजे साडेसहा हजार. मिहिकाच्या केजीच्या ॲडमिशनचे निघतील." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. आकडा सहावर गेला. गेले कितीतरी महिने ही पोर शेजारच्या मुलींच्या दप्तरांना हात लावून बघत होती. तिच्या स्वतःच्या दप्तराचे पैसे त्या चौकोनात वाढताना दिसत होते. असं काही वासंतीच्या हातून याआधी कधी वाढलं नव्हतं. वरणाला फोडणी द्यायची, कपडे वाळत घालायचे, पाठवलेल्या पैशांची पावती जपून ठेवायची. हे निराळंच होतं.

"चार ठरलं होतं," मुरलीधर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "वासंती, ऐक. मी सांगतोय. दाब."

"एकच मिनिट हो."

तो तिच्याकडं बघत राहिला. ही नजर तिच्या ओळखीची होती. अशीच ती त्याच्याकडं बघायची.

मग बाहेर गर्जना झाली. सिक्सर. केरूनं सोमनाथला उचललं असावं, कारण काहीतरी पडलं. वासंती पडद्याकडं बघत होती. सहाचे पाच होतील, फार तर चार, चारला दाबू. पण चौकोन करडे झाले. दुसरी गर्जना. "नो बॉल! नो बॉलवर सिक्सर!" चौकोन करडेच. ती बटण दाबत राहिली, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा, आणि ते मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखं बघत राहिलं. मुरलीधर तिच्या मागं येऊन उभा होता.

निळा रंग परत आला तेव्हा आकडा होता एक पॉइंट सहा.

आता मात्र ती थांबली नाही. तिनं आकडा भरला, निळं दाबलं, हो म्हटलं, पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग दोन्ही बाजूंना एकच रक्कम उमटली. इंडिया जिंको किंवा हरो, उणे दीड हजार.

थोड्याच वेळात इंडिया जिंकली. हॉलमध्ये केरू नाचत होता. "वहिनी, साखर वाटा! अवो, तोंड गोड करा की!"

आत दोघं बसले होते. मिहिका कंटाळून खाटेवर झोपली होती.

"चारलाच दाबायला हवं होतं मी," वासंती म्हणाली.

"मी लावायलाच नको होतं." मग तो स्वतःशीच म्हणाला, "खायला."

"उचल?"

"हजाराची. ती पण दुपारी मिळेल, चेक सकाळीच जातो. आणि वरचे पाचशे?" त्यानं केस मागं सारले. "खाली जाऊन बोलतो मी. आईचं ऑपरेशन आहे म्हणून सांगतो, गावाकडं पैसे धाडले म्हणून सांगतो."

"मी जाते," वासंती म्हणाली. "दोन शब्दांत तुमचा चेहरा सगळं सांगून टाकतो."

शहरबानू अंगणात खाटेवर बसून खलबत्त्यात सुकी काळी लिंबं फोडत होती. म्हातारी मूळची इराणकडची, पण तिचं सगळं आयुष्य या गल्लीत गेलेलं. मुलगा, त्याची गाडी, भाडेकरू, सगळ्यांना ती एकाच हिंदीत हाकायची.

"ऊपर इतना शोर, बेटी?"

"इंडिया जीता, खाला."

"मुबारक. फिर तेरा मुँह ऐसा क्यों?"

वासंती खाटेच्या पायाशी टेकली. "खाला, वो चेक… दो हफ्ते रुक सकता है?"

"माँ बीमार है?" शहरबानूनं बत्ता थांबवला नाही. "यही बोलेगी न? तेरे से पहले वाला भी यही बोला. तीन बार उसकी माँ बीमार हुई. फिर एक दिन खुद माँ आ गई मिलने, मेरे से मोटी."

वासंतीच्या जिभेवर तयार असलेलं ऑपरेशन तिथंच विरघळलं. लिंबांचा आंबट धुरकट वास नाकात गेला. जिन्यावर, वळणाशी, चपलेचा आवाज झाला आणि थांबला. मुरलीधर ऐकत होता.

"पैसा खेल में गया, खाला. कम्प्यूटर पे."

बत्ता थांबला. जुगाराचा शब्द या अंगणात उच्चारायचा नसतो, हे वासंतीला माहीत होतं. म्हातारीनं मुलाला हाक मारली की संपलं. चेकचीही गरज उरणार नाही.

"हराम," शहरबानू म्हणाली. तिनं बत्ता बाजूला ठेवला. "किसने खेला? मर्द ने?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हातारीला तेच ऐकायचं होतं. बाईची दया आली असती तिला, पोरीची आली असती.

"शुरू उसने किया," वासंती म्हणाली. "उसका ग़लती मैंने पकड़ा. फिर पूरा बच रहा था, खाला. वो बोला, बंद कर. मैंने नहीं किया. मेरे को और चाहिए था."

शहरबानूनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं. "कितना कम है?"

"डेढ़ हज़ार."

म्हातारीनं फोडलेल्या लिंबातल्या बिया एकेक करून वेचल्या, बाजूला टाकल्या. "पंद्रह दिन," ती म्हणाली. "बेटे को नहीं बोलूँगी, वो सीधा पुलिस बोलेगा. मगर वो मशीन नीचे आएगी. मेरे कमरे में रहेगी."

"जी."

"आज. अभी. यल्ला." आणि वासंती उठल्यावर मागून, "पैसा पूरा हो जाए तो लेने तू आना. मर्द नहीं. मैं तेरा मुँह देखूँगी, फिर दूँगी."

जिन्याच्या वळणाशी मुरलीधर उभा होता. तो बाजूला झाला नाही. "माझं नाव सांगितलं असतंस तर चाललं असतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

तिनं त्याच्या दंडाला हात लावला, आणि दोघं वर आले. मिहिका झोपेतच होती. त्यांनी वायरी काढल्या. मुरलीधरनं मॉनिटर छातीशी धरला, वासंतीनं कीबोर्ड आणि माऊस घेतले. माऊसची शेपटी फरशीवरून घासत चालली.

हॉलमध्ये केरू बक्षीस समारंभ बघत होता. त्यानं मान वळवली. "आरं, मॅच जिंकली आपण, अन् टीव्ही कुठं निघाला?"

"टीव्ही नाही. कॉम्प्युटर."

"बिघडला काय?"

"हो," मुरलीधर म्हणाला.

"नाही," वासंती म्हणाली. "चांगला चालत होता, भाऊजी. म्हणूनच."

केरूला काही उमगलं नाही. त्यानं सोमनाथकडं पाहिलं, सोमनाथनं खांदे उडवले. मग केरू उठला, आतल्या खोलीत गेला, टेबलाखालचं कॉम्प्युटरचं जड खोकं वेल्डरच्या दोन हातांनी अलगद उचललं आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरू लागला.